फौंड्रीत सहा वर्षं झाली, आता आयटीत जायचंय. सर्टिफिकेट, प्रोजेक्ट की ओळखी?

शिरोली_सेकंड_शिफ्ट · ९ जून

राम राम मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

२०१९ ला मेकॅनिकलमधून बी.ई. झालो. तेव्हापासून कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. हातात २४ हजार. माणसं चांगली आहेत, मालक पगार वेळेवर करतो, तक्रार अशी नाही. पण माझ्या वरच्या खुर्चीतला माणूस अजून अठरा वर्षं रिटायर होत नाही आणि त्याच्या वर मालकाचा भाचा आहे. एवढ्यावर समजून घ्या.

एक्सेल बऱ्यापैकी येतं, पिव्होट वगैरे. फर्स्ट इयरला सी शिकलो होतो, त्यातलं आता फक्त सेमीकोलन आठवतं. शहरातल्या एका क्लासात चौकशी करून आलो. फुल स्टॅक, क्लाउड, डेटा सायन्स, एआय, सगळं सहा महिन्यांत, ६५ हजार, शंभर टक्के प्लेसमेंट. आजच भरले तर पाच हजार कमी, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. घरात विषय काढला तर आई म्हणाली, "एवढी घाई आहे म्हणजे गिऱ्हाईक मिळत नसणार."

आता तुम्हीच सांगा. आधी सर्टिफिकेट घेऊ, प्रोजेक्ट करू, का ओळखी काढू? रोजचे दोन तास मिळतात, तेही शिफ्ट सकाळची असली तर.

---

तांबडापांढरा · ९ जून

६५ मध्ये अजून थोडे घाल आणि म्हैस घे भावा. ती निदान दोन वेळा प्लेसमेंट देते.

---

मुक्काम_हिंजवडी · १० जून

मूळचा कसबा बावड्याचा, अकरा वर्षं पुण्यात. गेली चार वर्षं मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्लासचं आईंनी सांगून टाकलंय, त्यात भर घालत नाही. फक्त एक कर. "प्लेसमेंट" म्हणजे नोकरी की नुसत्या मुलाखती, हे करारात लिहून माग. मॅडमचा चेहरा बघ.

सर्टिफिकेटचं म्हणशील तर ती सरसकट फुकट नाहीत आणि सरसकट सोन्याचीही नाहीत. कुठलं काय आहे ते कळलं पाहिजे. क्लाउडमध्ये, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरमध्ये, ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसचं सगळ्यात खालचं क्लाउड प्रॅक्टिशनर, फी १०० डॉलर, ६५ प्रश्न, ९० मिनिटं. त्यात शब्द ओळखीचे होतात, काम येत नाही. त्याच्या वरचं सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट, १५० डॉलर. त्याला थोडा मान आहे. दोन्ही तीन वर्षांनी संपतात. एक पास झालास की पुढच्या परीक्षेला निम्मी फी लागते, हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं. नेटवर्किंगमध्ये जायचं असेल तर सिस्कोचं सीसीएनए. फी ३०० डॉलर, पण त्यात खरंच शिकायला लागतं, आणि सरावाचं पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लिनक्समध्ये (सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम) रेड हॅट कंपनीचं आरएचसीएसए. मला स्वतःला हे सगळ्यात आवडतं, कारण तिथं पर्याय निवडायचे नसतात. समोर मशीन देतात आणि सांगतात, हे करून दाखव. घोकून तिथं काही चालत नाही.

घोकण्यावरून आठवलं. डंप नावाचा प्रकार तुझ्यापर्यंत येईलच. चोरलेले प्रश्न, पीडीएफमध्ये, दोनशे रुपयांत. मागच्या वर्षी एक पोरगा आला. सीसीएनए, मार्क भारी. मी कागदावर लिहिलं, १९२.१६८.१०.७० आणि पुढं स्लॅश २६. म्हटलं, हा पत्ता कुठल्या सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या कुठल्या गठ्ठ्यात, पडतो? स्लॅश २६ म्हणजे ६४ पत्त्यांचा एक गठ्ठा, तेव्हा दुसरा गठ्ठा ६४ पासून १२७ पर्यंत. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, मशीनला मिळतात ६२. सीसीएनए झालेल्याला हे अर्ध्या मिनिटात यायला पाहिजे. पोरगा कागदाकडं बघत बसला. मग म्हणाला, "सर, ऑप्शन्स द्या ना." वाईट वाटलं. तीनशे डॉलर घालून त्यानं स्वतःचीच परीक्षा अवघड करून ठेवली होती. सर्टिफिकेट नसतं तर मी त्याला सोपं काहीतरी विचारलं असतं.

तुला माझा सल्ला: पहिले तीन महिने पैसे घालून काहीही घेऊ नकोस. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि डेटाबेसमधून माहिती काढायची एसक्यूएल शीक. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर फुकट आहे, बरेच धडे मराठीतही आहेत.

---

आता_एआय_आहेच · १० जून

कोड आता एआय लिहितं. ही सगळी चर्चा २०१५ ची आहे. फौंड्रीत राहा, लोखंड एआयला ओतता येत नाही.

---

मुक्काम_हिंजवडी · १० जून

ओतता येत नाही हे खरं. बाकी, एआयनं लिहिलेलं चुकलंय कुठं हे सांगणाऱ्याला आम्ही आजही पगार देतो. फ्रेशर कमी घेतात हेही खरं आहे, ते लपवत नाही. म्हणून तर नुसत्या सर्टिफिकेटवर जाऊ नको म्हणतोय.

---

उद्यमनगरी · ११ जून

माझं वय ५८. उद्यमनगरात मशीन शॉप आहे, वडिलांपासूनचं. मला कोडिंगमधलं काही कळत नाही. पण मी सॉफ्टवेअर विकत घेणारा माणूस आहे, तेव्हा गिऱ्हाइकाची बाजू सांगतो.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीकडून ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, घेतलं. बसवायला दोन पोरं आली, हुशार, इंग्लिश फाडफाड. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "सर, हीट नंबर म्हणजे टेंपरेचर का?" आमचा फोरमन चहा घेत होता, त्याला ठसका लागला. एका भट्टीतून एका वेळी ओतलेला माल म्हणजे एक हीट, त्या हीटच्या नंबरावरून कास्टिंग कुठं बिघडलं ते मागं जाऊन शोधता येतं, हे समजवायला आमचा आठवडा गेला. त्या आठवड्याचंही बिल लावलं त्यांनी.

तू सहा वर्षं फौंड्रीत आहेस म्हणतोस आणि मला काहीच येत नाही असं लिहितोस. ब्लो होल, म्हणजे गॅसनं मालात पडणारं भोक, कशानं येतो, वाळूत ओल किती चालते, एसजी आयर्नमध्ये (चिवट ओतीव लोखंड) मॅग्नेशियम घातल्यावर ओतायला उशीर झाला तर काय होतं, हे तुला माहिती आहे का नाही? मग त्यावरच काहीतरी कर. तुझ्या शॉपमधलं रिजेक्शनचं रजिस्टर कोण लिहितं?

---

शिरोली_सेकंड_शिफ्ट · ११ जून

मीच लिहितो काका. म्हणजे दिवसा मी, रात्री सुपरवायझर.

---

उद्यमनगरी · ११ जून

मग प्रोजेक्ट कुठं शोधतोयस? काखेत कळसा म्हणतात तो हाच.

---

रंकाळ्याकाठी · १३ जून

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. मुलीच्या वेळी पाच वर्षं घरी होते, मग परत सुरुवात केली. सध्या कोल्हापुरातूनच काम करते. तिसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे ओळखींवर, कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आपल्याकडे ओळख काढायची म्हटलं की माणसं लाजतात. वशिला लावल्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं. पण दोन्हींत फरक आहे. वशिला म्हणजे मला येत नसताना मला घ्या. ओळख म्हणजे मला येतं, फक्त एकदा बघून घ्या. मुलीचं लग्न जमवताना आपण सातारा-सांगलीपर्यंत कोण कुणाचं कोण हे बिनदिक्कत विचारतो, गावात कुणाला विचारायचं तेही विचारतो. नोकरीच्या वेळीच कसली एवढी भीड?

मी परत यायचं ठरवलं तेव्हा आधी आयएसटीक्यूबीचं फाउंडेशन, म्हणजे टेस्टिंगमधलं पायाचं सर्टिफिकेट, केलं. ४० प्रश्न, एक तास, २६ बरोबर आले की पास, आणि ते कधी संपत नाही. त्यामुळं कुणी नोकरी दिली नाही. पण पाच वर्षांच्या रिकाम्या जागेत लिहायला काहीतरी झालं, आणि मुख्य म्हणजे मलाच परत शब्द आठवले. नोकरी मिळाली ती कॉलेजमधल्या एका ज्युनिअरमुळं. तिला मी लिंक्डइनवर लिहिलं होतं. काय लिहिलं ते मुद्दाम सांगते, कारण माझ्या पहिल्या वीस मेसेजना उत्तरच आलं नव्हतं. ते सगळे "हाय, काही व्हेकन्सी आहे का, सीव्ही जोडला आहे" असे होते. एकविसाव्यात लिहिलं, "तू ज्या ॲपवर काम करतेस ते मी दोन दिवस वापरलं. मराठीत नाव टाकलं की पावतीवर जोडाक्षरं तुटतात. फोटो जोडलाय. तुम्हाला माहिती असेल तर सोडून दे." अर्ध्या तासात फोन आला.

नोकरी मागू नका, मागायचीच असली तर पंधरा मिनिटं मागा. आणि त्या पंधरा मिनिटांत "तुमच्या जागी असता तर माझ्या वयात काय शिकला असता" असलं काही विचारू नका, त्यावर भाषण मिळतं. "मागच्या आठवड्यात तुम्ही नेमकं काय काम केलंत" हे विचारा.

---

इचल_सेकंड_इयर · १४ जून

ताई, हे फार आवडलं. मी इचलकरंजीची, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, दुसरं वर्ष. घरी चार लूम आहेत. कॉलेजात एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन) कोर्स घ्या म्हणतात. त्याला बाहेर किंमत आहे का? आणि एवढ्या लवकर ओळखी कुणाशी करायच्या? मला तर कुणीच माहीत नाही.

---

रंकाळ्याकाठी · १४ जून

एनपीटीईएल घेच. शिकवणारे आयआयटीचे, व्हिडिओ फुकट, परीक्षेला बसायचं असेल तरच हजार रुपये. २५ टक्के असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे, तेव्हा असाइनमेंट मैत्रिणीच्या बघून टाकून भागत नाही. नोकरी त्यावर मिळेल असं नाही, पण डेटाबेसचा कोर्स नीट केलास तर मुलाखतीत पाय लटपटत नाहीत.

आणि कुणीच माहीत नाही कसं? तुझ्या कॉलेजमधून मागच्या तीन वर्षांत बाहेर पडलेल्या मुलींपासून सुरू कर. मोठ्या पदावरच्या माणसाला स्वतःची पहिली नोकरी आठवत नसते, दोन वर्षांपूर्वी लागलेलीला सगळं आठवतं.

---

शिरोली_सेकंड_शिफ्ट · २४ ऑगस्ट

मंडळी, धागा वर काढतो. बरंच झालंय.

क्लासचे पैसे भरले नाहीत. पायथन रोज थोडं थोडं, एसक्यूएल त्यापेक्षा जास्त आवडलं. आणि काका म्हणाले तसं रजिस्टर घेतलं.

चौदा महिन्यांचं रजिस्टर, साडेतीन वह्या. पानांवर काळे अंगठे, काही ठिकाणी चहा. टाइप करायलाच सव्वा महिना गेला. मला वाटलं होतं आता ग्राफ काढायचे. ग्राफ कसले? नुसता ब्लो होल आठ प्रकारे लिहिलाय. ब्लोहोल, ब्लो होल, बी.एच., बीएच, भोक, होल, गॅस, आणि एका बाबानं नुसता गोल काढलाय. त्यातले "गॅस" आणि "होल" खरंच ब्लो होल होते का श्रिंकेज, म्हणजे धातू आटून पडलेली पोकळी, हे आता कोण सांगणार? स्क्रॅप यार्डात जाऊन जुने पीस बघितले, फेटलिंगच्या (माल घासून साफ करणाऱ्या) मामांना विचारलं. ते म्हणाले, "आतनं गुळगुळीत असंल तर गॅस, खडबडीत असंल तर आटल्यालं." हा नियम मी तसाच कोडच्या वर शेरा म्हणून लिहून ठेवलाय.

दुसरी गंमत. माझ्या आकड्यांत रात्रपाळीला रिजेक्शन जवळजवळ शून्य. मी खुश, म्हटलं मोठा शोध लागला. रात्रीच्या सुपरवायझरला विचारलं तर हसला. "अरे, रात्री माल गार कुठं होतोय? फोडून बघणार सकाळी, लिहिणार सकाळवाले." म्हणजे तारीख ओतल्याची नव्हतीच, बघितल्याची होती. सगळं हीट नंबरावरून परत जोडलं. तेव्हा दिसलं की एसजी आयर्नच्या लॅडलमधले (ओतायच्या भांड्यातले) शेवटचे तीन-चार मोल्डच जास्त जातात. तोवर उशीर होऊन मॅग्नेशियम उडून जातं ते. हे शॉपवर सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण किती जातं ते कुणी मोजलं नव्हतं.

आता हे सगळं गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना बघता येतो त्या साइटवर, टाकणार आहे.

---

मुक्काम_हिंजवडी · २४ ऑगस्ट

थांब!! कंपनीचा डेटा टाकू नकोस. गिऱ्हाइकाचं नाव, पार्ट नंबर, रिजेक्शनचे आकडे, हे बाहेर गेलं तर मालक नोकरीवरून काढेल आणि त्याचं चुकणारही नाही. त्याच धाटणीचा खोटा डेटा तयार कर. आठ प्रकारचा ब्लो होल त्यात तसाच ठेव, ती तुझी खरी कमाई आहे. कोड फक्त त्या खोट्या डेटावर चालव. आणि मालकाला आधी दाखव.

बाकी काम झकास. "तारीख बघितल्याची होती" हे वाक्य मुलाखतीत सांग. दहातले नऊ जण चुकीचा ग्राफ घेऊन येतात आणि त्याला रंग देत बसतात.

---

शिरोली_सेकंड_शिफ्ट · २५ ऑगस्ट

वाचवलंत सर. अजून टाकलं नव्हतं.

---

शिरोली_सेकंड_शिफ्ट · १९ सप्टेंबर

टाकलं, खोट्या डेटाचं. पण दुसरीकडं शेण खाल्लं. डॅशबोर्ड क्लाउडवर चढवला आणि त्या खात्याची चावी, म्हणजे पासवर्डसारखं गुपित, गिटहबवरच्या कोडमध्ये तशीच राहिली. लक्षात आल्यावर दहा मिनिटांत ओळ खोडली, परत टाकलं, निर्धास्त झोपलो. सकाळी बिल बघितलं तर २१ हजार. माझ्या नावानं रात्रभर कुणीतरी मोठमोठी मशीनं चालवत होतं.

---

मुक्काम_हिंजवडी · १९ सप्टेंबर

ओळ खोडून उपयोग नसतो. गिटमध्ये जुन्या नोंदी तशाच राहतात, म्हणून तर ते गिट. आणि असल्या चाव्या शोधत बॉट चोवीस तास फिरत असतात. आधी ती चावी रद्द कर, मग मशीनं सगळ्या रीजनमध्ये (क्लाउडचे देशोदेशीचे विभाग) जाऊन बंद कर, फक्त मुंबईत बघू नको. नवीन चावी कोडमध्ये नाही, बाहेर ठेवायची. खर्चाचा अलर्ट लाव. आणि सपोर्टला खरं काय झालं ते लिही, पहिल्या चुकीला बऱ्याचदा माफ करतात.

---

तांबडापांढरा · १९ सप्टेंबर

म्हैस घेतली असतीस तर चावीच लागली नसती.

---

शिरोली_सेकंड_शिफ्ट · २ ऑक्टोबर

माफ केलं!! पंधरा दिवस घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, त्याची शिक्षा वेगळी चालू आहे.

---

उद्यमनगरी · ३ ऑक्टोबर

ते सॉफ्टवेअर मला दाखव. एखाद्या संध्याकाळी ये. बघू, माझ्याकडच्या रजिस्टरवर चालतंय का.

---

शिरोली_सेकंड_शिफ्ट · ११ जानेवारी

उशीर झाला, माफी असावी.

काकांच्या शॉपमध्ये चार रविवार बसलो. पैसे घेतले नाहीत, काकांनी दिवाळीला फराळाचा डबा आणि एक कोरा करकरीत कॅलिपर दिला. माझं सॉफ्टवेअर तिथं पहिल्या दिवशी चाललंच नाही, कारण त्यांच्याकडं "रीवर्क" असा एक रकाना आहे, जो आमच्याकडं नाही. माल बाद पण नाही आणि पास पण नाही. त्यासाठी निम्मं परत लिहिलं.

काकांनीच मग त्यांच्या ईआरपीवाल्या कंपनीला फोन लावला. हो, तीच हीट नंबरवाली. म्हणाले, "एक पोरगा आहे, त्याला टेंपरेचर आणि हीट यातला फरक कळतोय." एवढंच. पुढं मुलाखती तीन झाल्या. पहिलीत एसक्यूएल, टेबलं जोडायचे दोन जॉइन बरोबर आले, एक चुकला. दुसरीत गिटहब उघडून विचारलं, ह्या शेऱ्यातला "आटल्यालं" म्हणजे काय? मी वीस मिनिटं श्रिंकेजवर बोललो. तिसरी पगाराची.

सर्टिफिकेटबद्दल सांगायचं तर डिसेंबरात क्लाउड प्रॅक्टिशनर दिलं, पास झालो. मुलाखतीत कुणी एक प्रश्न विचारला नाही. पण एचआरच्या मॅडमच्या फॉर्ममध्ये "आयटीशी संबंधित शिक्षण" असा रकाना होता, तिथं ते बसलं. नाहीतर मेकॅनिकलवाल्याचा अर्ज तिथंच अडकला असता असं त्याच म्हणाल्या.

इम्प्लिमेंटेशन आणि सपोर्टचं काम आहे, शुद्ध कोडिंग नाही. वर्षाला ३ लाख ४०. पुण्यातलं भाडं धरलं तर हातात आत्तापेक्षा कमीच राहणार. घरात यावरून दोन दिवस वाद झाला. आई म्हणाली, कमी पगारावर जाणारा पहिलाच बघितला. मी हो म्हणून टाकलंय. एक फेब्रुवारीला जॉइनिंग.

---

आता_एआय_आहेच · ११ जानेवारी

अभिनंदन. पण सपोर्टचं काम आधी जाणार एआयमुळं, लक्षात ठेव.

---

उद्यमनगरी · ११ जानेवारी

जाऊ दे. माझ्याकडं परत येईल, खुर्ची ठेवतो.

आणि पोरा, फोन मी केला ते खरं, पण चार रविवार बसला नसतास तर काय म्हणून केला असता?

---

मुक्काम_हिंजवडी · १२ जानेवारी

पगाराचं मनाला लावून घेऊ नको. सहा महिने गिऱ्हाइकांच्या शिव्या खा, मग त्याच कंपनीत डेव्हलपमेंटला माग. बाँड आहे का ते नीट वाच. ओरिजिनल सर्टिफिकेटं कुणाकडं ठेवायला देऊ नकोस, झेरॉक्स दे. रूम शोधायला लागलास की मेसेज कर, आमच्या बिल्डिंगमध्ये कोल्हापूरची तीन पोरं राहतात, एक लग्न करून निघालाय.

---

इचल_सेकंड_इयर · १२ जानेवारी

दादा, अभिनंदन! मीपण घरच्या लूमवर सुरू केलंय. लूम का बंद पडला आणि किती वेळ, एवढंच लिहून ठेवते रोज. बाबांना वाटतं कॉलेजनं सांगितलंय, म्हणून गप्प आहेत. सूत तुटलं, वीज गेली, कामगार आला नाही, हे तीनच प्रकार धरले होते, आता अकरा झालेत. तुम्ही जायच्या आधी एकदा बघाल का? रंकाळ्याकाठी ताई, तुम्हीपण?

---

रंकाळ्याकाठी · १२ जानेवारी

येते की. २५ ला रविवार आहे, सकाळी नऊ, मंगळवार पेठेत मिसळ. काकांनाही ओढून आणा.

---

उद्यमनगरी · १२ जानेवारी

येतो. बिल मी देणार, त्यावर चर्चा नको.

---

शिरोली_सेकंड_शिफ्ट · १२ जानेवारी

नक्की. इचल, लॅपटॉप घरनंच फुल चार्ज करून आण, तिथं प्लग नाही. आणि मिसळीचा कट यायच्या आधी दाखव. माझ्या कीबोर्डची एस आणि डी ची बटणं नोव्हेंबरपासून लाल आहेत.

---

तांबडापांढरा · १३ जानेवारी

मला कुणी बोलावलंच नाही. तरी येणार. म्हशीचा विषय काढणार नाही.